दूरचित्रवाणीवरील संस्मरणीय प्रसंग

दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेले आणि प्रक्षेपणाचा क्षण सरल्यानंतरही प्रेक्षकांच्या सामूहिक स्मृतीत टिकून राहिलेले प्रसंग. प्रत्यक्ष घडत असलेल्या घटनांचे थेट प्रक्षेपण आणि मालिका, विनोदिका, मुलाखत इ. रचित कार्यक्रमांतील विशेष प्रसंग अशा दोहोंचा यात समावेश होतो. ही कल्पना प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली. तेथे सप्टेंबर १९५१ मध्ये पूर्व व पश्चिम किनारे सूक्ष्मतरंग दुव्यांनी जोडले गेले आणि एकच दृश्य एकाच वेळी देशभर पाहता येऊ लागले. एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि १९५६ मध्ये बंद पडलेली ड्यूमाँट एवढ्याच मोठ्या प्रक्षेपणसंस्था त्या काळी होत्या. निवड मर्यादित असल्यामुळे कोट्यवधी लोकांचे लक्ष एका प्रसंगावर खिळणे शक्य झाले. महाराष्ट्रात १९७२ नंतरची सु. वीस वर्षे याहूनही एकाग्र होती. कारण प्रेक्षकांपुढे बहुतेक काळ एकच वाहिनी होती. एखादा प्रसंग संस्मरणीय ठरण्यात त्याच्या गुणवत्तेचा वाटा असतोच. पण तो सर्वांनी मिळून पाहिलेला असतो, ही गोष्ट अनेकदा अधिक निर्णायक ठरते.

नोंदीची साधने : दूरचित्रवाणीच्या आरंभकाळी बहुतेक कार्यक्रम थेट होत. कॅमेऱ्यासमोर जे घडे ते त्याच क्षणी प्रेक्षकांपर्यंत पोहोचे आणि संपे. त्याची नोंद ठेवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून पडद्यावरील चित्राचेच छायाचित्रण करणे. या पद्धतीस व तीतून निघणाऱ्या फितीस ‘किनेस्कोप’ म्हणत. तीत चित्र धूसर येई, कडा वाकत आणि काळ्या-पांढऱ्या छटांतील भेद पुसट होई. तरीही अमेरिकन दूरचित्रवाणीच्या पहिल्या दशकाचे आज जे काही पाहावयास मिळते, त्याचा मोठा भाग याच सदोष फितींवर आहे.

अँपेक्स या कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये शिकागो येथे चुंबकीय चित्रफितीचे पहिले व्यवहारोपयोगी यंत्र दाखविले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने एका बातमीपत्रासाठी त्याचा उपयोग केला. ही फीत दोन इंच रुंदीची होती. चित्र उत्तम येई. परंतु फीत अतिशय महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येई. या दुसऱ्या गुणामुळेच पुढे मोठी हानी झाली. किनेस्कोपची फीत पुसता येत नव्हती, म्हणून ती निदान कपाटात पडून राहिली. चित्रफीत मात्र नव्या कार्यक्रमासाठी पुसली गेली. सुधारित साधनामुळे नोंदी अधिक टिकतील ही अपेक्षा येथे सपशेल खोटी ठरली.

अमेरिकन दूरचित्रवाणी : आय लव्ह ल्यूसी ही विनोदी मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. ल्यूसील बॉल व तिचे पती डेझी आर्नाझ यांनी न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपण करण्याऐवजी हॉलिवुडमध्ये प्रेक्षकांसमोर ३५ मिमी. चित्रपटफितीवर चित्रण करण्याचा आग्रह धरला. जर्मनीतून आलेले नामांकित छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी चित्रण करता यावे, अशी सर्व बाजूंनी सम प्रकाश देणारी योजना केली. या फितींचे हक्क दांपत्याच्या संस्थेकडे राहिले. पुनःप्रक्षेपणाचा व्यवसाय मुख्यतः येथून वाढला. १९ जानेवारी १९५३ च्या भागात ल्यूसीला मुलगा होतो असे दाखविले होते आणि त्याच दिवशी ल्यूसील बॉलनेही प्रत्यक्षात मुलाला जन्म दिला. हा भाग सु. ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी झालेला आयझेनहौअर यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी पाहणाऱ्यांची संख्या याहून बरीच कमी होती. गर्भवती या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द मात्र मालिकेत उच्चारू दिला गेला नव्हता, यावरून त्या काळच्या प्रक्षेपणसंस्थांच्या सोवळेपणाची कल्पना येते.

राजकीय जीवनावर दूरचित्रवाणीचा परिणाम १९५४ मध्ये स्पष्ट झाला. सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी साम्यवाद्यांच्या शोधाच्या नावाखाली अनेकांना आयुष्यातून उठविले होते. एडवर्ड मरो यांनी ९ मार्च १९५४ च्या सी इट नाउ या कार्यक्रमात मॅकार्थी यांच्याच भाषणांची चित्रणे जोडून त्यांची कार्यपद्धती उघड केली. त्यानंतर एप्रिल ते जून या काळात लष्कर व मॅकार्थी यांच्यातील वादाची सुनावणी एबीसी व ड्यूमाँट यांनी जवळजवळ अखंड दाखविली. ९ जून रोजी लष्कराचे वकील जोसेफ वेल्श यांनी आपल्या एका तरुण सहकाऱ्यावर झालेल्या आरोपाला उत्तर देताना मॅकार्थी यांच्या सभ्यतेविषयीच प्रश्न उपस्थित केला, तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. मॅकार्थी यांच्या ऱ्हासाचे श्रेय एकट्या दूरचित्रवाणीला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्यांचा आवाज, हावभाव व व्यत्यय आणण्याची सवय लोकांनी आठवड्यामागून आठवडे घरबसल्या पाहिली, ही गोष्ट नवी होती. या सुनावणीचे किनेस्कोप टिकले आणि त्यांवरूनच पुढे एमील द अँतोनियो यांनी पॉइंट ऑफ ऑर्डर हा अनुबोधपट तयार केला.

२६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे झालेला केनेडी–निक्सन वादविवाद सु. ७ कोटी लोकांनी पाहिला. निक्सन नुकतेच आजारातून उठले होते व त्यांनी नीट रंगभूषा करून घेतली नव्हती. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन आणि पाहणाऱ्यांना केनेडी विजयी वाटले, असे सर्वत्र सांगितले जाते. त्याला असलेला पाहणीचा आधार फार तोकडा आहे. संस्मरणीय प्रसंगांभोवती अशा आख्यायिका जमतात व प्रसंगाइतक्याच टिकतात.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी यांच्यावर गोळीबार झाल्याची वार्ता सीबीएसने एका चालू कौटुंबिक मालिकेत व्यत्यय आणून दिली. प्रेक्षकांना त्या वेळी फक्त वार्तापत्राची पाटी दिसली व वॉल्टर क्रोंकाइट यांचा आवाज ऐकू आला. कारण वृत्तकक्षातील कॅमेऱ्याच्या निर्वात नलिका तापून चित्र येण्यास पुष्कळ मिनिटे लागत. नंतर चित्र आले आणि केनेडींच्या मृत्यूची वार्ता देताना क्रोंकाइट यांनी चष्मा काढून घड्याळाकडे पाहिले व क्षणभर त्यांचा कंठ दाटला. संयमी निवेदकाचा हा क्षणिक विराम अमेरिकेतील एका पिढीला घटनेइतकाच आठवतो. पुढील चार दिवस जाहिराती बंद ठेवून सर्व संस्थांनी हीच वार्ता दिली. २४ नोव्हेंबरला संशयित ली हार्वी ऑस्वल्ड याच्यावर जॅक रूबी याने झाडलेली गोळी एनबीसीवरून थेट दिसली. प्रत्यक्ष हत्या घराघरांत दिसण्याचा हा पहिला प्रसंग होय.

मनोरंजनाच्या क्षेत्रात ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमातील बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाचे आगमन (सु. ७ कोटी ३० लाख प्रेक्षक), जानेवारी १९७७ मध्ये सलग आठ रात्री दाखविलेली गुलामगिरीवरील रूट्स ही मालिका आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजीचा मॅश या मालिकेचा अखेरचा भाग यांचा उल्लेख आवश्यक आहे.

चंद्रावरील पदार्पण : नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा भारतीय प्रमाणवेळेनुसार सोमवार, २१ जुलै १९६९ रोजी सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली होती. चांद्रयानाच्या पायाजवळील कॅमेरा सेकंदास १० चित्रे घेई. नेहमीच्या दूरचित्रवाणीस हे चित्र थेट चालत नसे. म्हणून पृथ्वीवरील ग्रहणकेंद्रात ते एका पडद्यावर दाखवून त्यासमोर दुसरा कॅमेरा ठेवावा लागला, म्हणजे एक प्रकारे किनेस्कोपचेच तंत्र वापरावे लागले. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन केंद्रातून आलेले पहिले चित्र काही क्षण उलटे दिसले. नंतर ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक व पार्क्स येथील आकाशकांनी टिपलेली चित्रे वापरण्यात आली. जगातील सु. ६० कोटी लोकांनी ही भुताटकीसारखी धूसर चित्रे पाहिली.

मूळ संकेत या प्रक्षेपित चित्राहून पुष्कळ स्वच्छ होता व तो वेगळ्या चुंबकीय फितींवर नोंदला गेला होता. अनेक वर्षांच्या शोधानंतर ‘नासा’ने २००९ मध्ये असा निष्कर्ष काढला, की फितींच्या टंचाईच्या काळात या फिती इतर फितींबरोबर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. प्रक्षेपणसंस्थांकडील प्रतींवरून चित्राचे पुनरुज्जीवन करण्यात आले. पण मानवी इतिहासातील बहुधा सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या या क्षणाची उत्कृष्ट नोंद हाती राहिली नाही.

महाराष्ट्रात त्या सकाळी हे दृश्य कोणालाच दिसले नाही. भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ पासून होती. परंतु १९६९ मध्येही ती केवळ दिल्ली परिसरापुरतीच मर्यादित होती. मराठी वाचकांना हा प्रसंग रेडिओवरून व वृत्तपत्रांतील छायाचित्रांवरूनच कळला. ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईस आले, त्या वेळी त्यांना पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीत न पाहिलेल्या दृश्याची उत्सुकताही असली पाहिजे.

आर्वीचे भू-केंद्र : पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वी येथे भारतातील पहिले व्यापारी उपग्रह भू-केंद्र १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. हिंदी महासागरावरील ‘इंटेलसॅट’ उपग्रहाशी संपर्क साधणारा सु. ३० मी. व्यासाचा परवलयाकार आकाशक हे त्याचे मुख्य अंग होते. भोवतालच्या डोंगरांमुळे शहरी रेडिओ-गोंगाटापासून नैसर्गिक संरक्षण मिळते, हा या परिसराचा मोठा लाभ होय. अवकाशसंशोधनाचे प्रवर्तक विक्रम साराभाई यांच्या मृत्यूनंतर (३० डिसेंबर १९७१) केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. ते समुद्रपार संदेशवहन सेवेकडे होते; १९८६ मध्ये ते विदेश संचार निगमाकडे गेले. केंद्राचे मुख्य काम दूरध्वनी व टेलेक्स यांचे होते. परंतु परदेशांतील दूरचित्रवाणी चित्रे प्रत्यक्ष घेण्याचे सामर्थ्य भारतास प्रथम त्यामुळे लाभले. चांद्रपदार्पणास उणीपुरी दोन वर्षे उलटली होती. बैलगाडीने कांदा-बटाटा बाजारात नेणाऱ्या या टापूत जगाच्या संदेशवहनाचे द्वार उघडले, आणि तरी १९७१ साली त्याच टापूतील गावांत दूरचित्रवाणीचा एकही कार्यक्रम दिसत नव्हता. भू-केंद्र संदेश घेई व मुंबईकडे धाडी; घरोघर पोहोचविण्यास प्रक्षेपक लागतो आणि तो अद्याप उभा राहावयाचा होता.

पुढे याच तालुक्यात खोडद येथे महाकाय मीटर तरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) उभारला गेला. त्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक आहेत. तो ज्या तरंगलांबींवर काम करतो, त्यांपैकी काही दूरचित्रवाणीच्या तरंगलांबींच्या शेजारच्या आहेत. त्यामुळे गावकऱ्यांना जो संकेत हवासा वाटतो, तोच खगोलशास्त्रज्ञांना अडथळा वाटतो.

मुंबई दूरदर्शन : मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. वरळी येथील त्याचा मनोरा सु. ३०० मी. उंचीचा आहे. बरोबर एक वर्षाने, २ ऑक्टोबर १९७३ रोजी, पुण्यासाठी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्र सुरू झाले व मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. या प्रकारच्या लहरी साधारणतः दृष्टिरेषेत जातात. डोंगर आड आला की चित्र मावळते. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळसारखी गावे सिंहगडापासून सरळ रेषेत सु. ७० किमी. अंतरावर आहेत. एवढ्या अंतरावर संकेत दुबळा होत असल्याने लांब नळीवर अनेक दांड्यांचा आकाशक चढवावा लागे आणि वाऱ्याने तो फिरला की कोणीतरी कौलांवर चढून खालच्यांना विचारीत तो पुन्हा वळवावा लागे. ‘मुंग्या’ हा पडद्यावरील गोंगाटासाठी रूढ झालेला शब्द त्या काळाची आठवण आहे. ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर असलेल्या एका संचासमोर सारी आळी बसे. अमेरिकेत संस्मरणीय प्रसंग कुटुंबाच्या दिवाणखान्यात पाहिला गेला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तो प्रथम चारचौघांत पाहिला गेला, हा भेद लक्षणीय आहे.

मराठी माणसाचा दूरचित्रवाणीशी संबंध मात्र मुंबई केंद्राहून जुना आहे. पु. ल. देशपांडे यांनी दिल्लीच्या प्रायोगिक केंद्रावर काम केले होते आणि तेथे त्यांनी घेतलेली पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंची मुलाखत ही भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत मानली जाते.

मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकात स्मरणात राहिले ते भव्य प्रसंग नव्हेत, तर नित्याचे चेहरे. विश्वास मेहेंदळे हे केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक. प्रदीप भिडे यांनी १९७४ पासून अनेक दशके बातम्या वाचल्या. स्मिता पाटील यांनी चित्रपटांत येण्यापूर्वी येथेच बातम्या दिल्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, ही हकीकत प्रसिद्ध आहे. याच पडद्यावर त्यांना पाहून श्याम बेनेगल यांनी त्यांची निवड केली, असेही सांगितले जाते. भक्ती बर्वे यांनीही आरंभी निवेदिका म्हणून काम केले. विनायक चासकर यांच्या निर्मितीतील गजरा या कार्यक्रमाने छोट्या नाटुकल्यांची एक वेगळी जात रूढ केली आणि पुढे नावारूपास आलेल्या अनेक नटांना पहिली संधी दिली. बबन प्रभू व याकूब सईद यांचे हास परिहास, सुहासिनी मुळगावकर यांनी सादर केलेले प्रतिभा आणि प्रतिमा, तबस्सुम यांचा फूल खिले हैं गुलशन गुलशन (१९७२–९३), आकाशानंद यांचे ज्ञानदीप हे कार्यक्रम या काळातीलच. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील चिमणराव या मालिकेत दिलीप प्रभावळकर (चिमणराव) व बाळ कर्वे (गुंड्याभाऊ) यांनी केलेल्या भूमिका इतक्या ठसल्या, की त्यानंतर कथा वाचणाऱ्यांनाही हेच चेहरे दिसू लागले. शेतकऱ्यांसाठीच्या आमची माती आमची माणसं या कार्यक्रमाचे शहरी प्रेक्षकांनी फारसे कौतुक केले नाही. पण पुणे व नाशिक जिल्ह्यांतील बागाईतदार वर्गात तो नियमाने पाहिला जाई. शनिवारचा मराठी व रविवारचा हिंदी चित्रपट या वेळी रस्ते ओस पडत.

या सवयीचा राजकीय उपयोग करण्याचा प्रयत्नही झाला. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीत जयप्रकाश नारायण व जगजीवन राम यांची सभा होती. त्या संध्याकाळी दूरदर्शनने पूर्वी ठरलेला चित्रपट बदलून बॉबी दाखविला. सभेस तरीही प्रचंड गर्दी झाली. दूरचित्रवाणीचे सामर्थ्य तपासणाऱ्या अभ्यासकांनी हा फसलेला प्रयोग अवश्य लक्षात घ्यावा.

१९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले आणि संस्मरणीय प्रसंगांचे स्वरूप पालटले. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा (नोव्हेंबर १९८२), विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना (२५ जून १९८३), राकेश शर्मा यांचे सोव्हिएट अवकाशस्थानकातून इंदिरा गांधींशी झालेले संभाषण (एप्रिल १९८४) आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींची अंत्ययात्रा हे प्रसंग महाराष्ट्राने उर्वरित देशाबरोबर पाहिले. अंत्ययात्रेच्या दीर्घ प्रक्षेपणाची तुलना १९६३ च्या केनेडी यांच्या अंत्ययात्रेशी केली जाते व ती योग्य आहे. रामायण (१९८७–८८) व महाभारत (१९८८–९०) या मालिकांच्या वेळी संचास हार घालणारी घरे होती. याच दशकात ल्यूसील बॉलच्या विनोदी मालिका व स्टार ट्रेक यांसारखे जुने अमेरिकन कार्यक्रमही दूरदर्शनवर आले. म्हणजे अमेरिकेत जे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे स्मरण झाले होते, ते येथे प्रथमदर्शन होते.

नोंदीविना स्मरण : प्रसंग स्मरणात राहण्यासाठी चित्र आवश्यकच असते असे नाही. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिलदेव यांनी झिंबाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद १७५ धावांचे चलच्चित्र अस्तित्वात नाही. बीबीसीचे कॅमेरे त्या मैदानावर नव्हते. तरीही मराठी क्रिकेटरसिकांच्या बोलण्यात ही खेळी अंतिम सामन्याइतकीच येते.

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू (१९०८–३०) यांचे जन्मगाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापड नेणाऱ्या मालमोटारीपुढे हा गिरणीकामगार आडवा झाला व चिरडला गेला. त्या क्षणाचे चित्रण नाही. हा प्रसंग मराठी माणसाच्या मनात आहे तो तोंडी कथनातून, पाठ्यपुस्तकांतून आणि रस्त्यांना व चौकांना दिलेल्या नावांतून. तेथून जवळच नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना तमाशाचा खेळ चालू असतानाच प्रसूतिवेदना सुरू झाल्या. मूल जन्मल्यावर त्यांनी दगडाने नाळ तोडली व पुन्हा फडावर येऊन खेळ पूर्ण केला, अशी हकीकत सांगितली जाते. एकीकडे चार कोटींहून अधिक लोकांनी पाहिलेला, पटकथेत बेतलेला ल्यूसीचा पुत्रजन्म आणि दुसरीकडे कनातीमागचा, फक्त फडातील माणसांनी पाहिलेला हा जन्म. पहिल्याचा प्रत्येक क्षण ३५ मिमी. फितीवर सुरक्षित आहे. दुसऱ्याचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. इतिहासकारास यांपैकी पहिला साधार वाटणे स्वाभाविक आहे; परंतु नोंद असणे आणि महत्त्व असणे यांत गल्लत होऊ देता कामा नये.

जतन : अमेरिकेत हानीची व्याप्ती फार मोठी आहे. ड्यूमाँटच्या किनेस्कोपांचा साठा १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या उपसागरात टाकून देण्यात आला, अशी साक्ष अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ मध्ये दिली. जॉनी कार्सन यांच्या टुनाइट शो या कार्यक्रमाचे न्यूयॉर्कमधील पहिल्या दशकातील (१९६२–७२) बहुसंख्य भाग पुसले गेले. जानेवारी १९६७ मधील पहिल्या ‘सुपर बोल’ सामन्याची चित्रफीत प्रक्षेपण करणाऱ्या दोन्ही संस्थांकडे शिल्लक राहिली नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून रोजची राष्ट्रीय बातमीपत्रे नोंदवून ठेवण्यास आरंभ केला आणि १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये काँग्रेस ग्रंथालयात दूरचित्रवाणीचा संग्रह करण्याची तरतूद झाली. व्हँडरबिल्टचा उपक्रम प्रक्षेपणसंस्थेबाहेरच्या विद्यापीठाने केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रक्षेपणसंस्थेची नजर उद्याच्या कार्यक्रमावर असते. कालची फीत तिला अडगळ वाटते.

भारतातही आरंभीचे पुष्कळसे कार्यक्रम थेट होत आणि फिती मोजक्या असल्याने पुसून वापरण्याचा प्रघात होता. मराठी रंगभूमीवरील थोर नट, गायक व लेखक यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या कार्यक्रमांपैकी जे टिकले नाहीत, त्यांची भरपाई दुसऱ्या कोठल्याच साधनाने होणे शक्य नाही; कारण त्यांपैकी अनेकांची अन्य चलच्चित्रे नाहीत. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आल्यानंतर जुन्या साठ्याचे अंकीय स्वरूपात रूपांतर करण्याचे व त्यातील निवडक भाग लोकांपुढे ठेवण्याचे काम हाती घेण्यात आले. १९८० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांतून चित्रफीतयंत्रे आली. अशा खासगी फितींवर, जाहिरातींसह, सापडणारे कार्यक्रमही आता उपयुक्त साधन ठरले आहेत.

रूपांतराच्या कामात वेळ हा मुख्य शत्रू आहे. दोन इंची फीत ज्या यंत्रावर चालते, त्या यंत्राची निर्मिती केव्हाच थांबली आहे. फिरत्या चुंबकशीर्षांची दुरुस्ती करू शकणारे कारागीर जगात थोडे उरले आहेत. फितीवरील चुंबकीय थराला धरून ठेवणारे बंधकद्रव्य दमट हवेत पाणी शोषते व चिकट होते. अशी फीत तशीच चालविल्यास थर खरवडून निघतो. मुंबईसारख्या समुद्राकाठच्या शहरात ही अडचण अधिक तीव्र असते. उपाय म्हणून फीत सु. ५०° से. तापमानास कित्येक तास नियंत्रित उष्णतेत ठेवतात. त्यानंतर काही आठवडे ती चालविता येते आणि तेवढ्या अवधीत तिची नक्कल करून घ्यावी लागते. त्यामुळे कोणती फीत आधी घ्यावयाची, हे संग्रहपालास दरवेळी ठरवावे लागते. डब्यावर नाव व तारीख नसेल तर आत चिमणराव आहे की एखाद्या विसरलेल्या समारंभाचे उद्‌घाटन, हे फीत तापवून चालविल्याखेरीज कळत नाही.